रेशीमकिड्याच्या पेशीत शिरताना

जालना जिल्ह्यातल्या माझ्या मेहुण्याच्या संगोपनगृहात दोन वर्षांपूर्वी अळ्या कोष करायच्या ऐन बेतात असताना फुगल्या, पिवळट पडल्या आणि रॅकच्या कडेकडेने सैरभैर फिरू लागल्या. एकीला बोट लागलं तर कातडी फाटून दुधासारखा द्रव आला. रोग ग्रासरी. “दाजी, पाला तर चांगला होता, मग हे आत शिरलं कुठून?” या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जीवशास्त्र मी शाळेत शिकलो तेवढंच. पुढचं सगळं शोधनिबंध वाचून, अडखळत.

(पाश्चरने १८६५ पासून फ्रान्समध्ये अभ्यासलेला रेशीमकिड्यांचा पेब्रीन हा रोग वेगळा, तो विषाणूमुळे होत नाही. माझाही बरेच दिवस घोळ होत होता.)

ग्रासरीचा विषाणू बॅक्युलोव्हायरस कुळातला. त्याची गंमत अशी, की एकाच जनुकसंचातून तो दोन रूपं घेतो. एक अळीकडून अळीकडे जाण्यासाठी, दुसरं पेशीकडून पेशीकडे जाण्यासाठी. पहिल्या रूपात अनेक विषाणू एका प्रथिनाच्या स्फटिकात चिणलेले असतात. हे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात आणि मातीत, भिंतीच्या भेगांत दीर्घकाळ तग धरतात. पाल्याबरोबर ते अळीच्या पोटात जातात. माणसाच्या जठरात आम्ल असतं; या अळीच्या मध्यांत्रातला रस मात्र कडक अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. त्या रसात स्फटिक विरघळतो. म्हणजे पेटी अळी स्वतःच उघडते. सुटलेला विषाणू आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, त्याचं आवरण पेशीच्या पटलात मिसळतं आणि आतला ऐवज केंद्रकाकडे निघतो.

तिथे नव्या प्रती तयार होतात, पण आतड्यातून पुढे शरीरात जायला पेटी निरुपयोगी. म्हणून नवे विषाणू पेशीच्या पटलाचंच पांघरूण घेऊन बाहेर पडतात. त्या पांघरुणावर जीपी-६४ नावाचं प्रथिन असतं. पुढची पेशी अशा विषाणूला खाद्याच्या कणासारखं एका पिशवीत ओढून घेते. पिशवीतलं वातावरण आम्लधर्मी होत जातं, तसं जीपी-६४ आपला आकार बदलतं, दोन्ही पटलं जोडली जातात आणि विषाणू मोकळा होतो. पहिलं दार अल्काने उघडतं, दुसरं आम्लाने!

पेटीविना काम चालतं याचा पुरावा जपानमधून मिळाला. १९८५ मध्ये सुसुमु माएदा आणि सहकाऱ्यांनी पेटीच्या प्रथिनाचं जनुक काढून तिथे मानवी इंटरफेरॉनचं जनुक बसवलं. असा विषाणू त्यांनी अळ्यांना टोचला, आणि अळ्यांच्या शरीरात इंटरफेरॉन तयार झालं.

शेवटी शेवटी केंद्रकं स्फटिकांनी गच्च भरतात आणि पेशी फुटतात. मेहुण्याच्या बोटाला लागलेलं ‘दूध’ हेच. त्या अवस्थेतल्या अळीला वाचवणारं औषध नाही. जे करायचं ते पुढच्या बॅचआधी. म्हणून संगोपनगृह धुताना ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात चुन्याची निवळी घालतात. अळीच्या पोटातलं काम चुना बाहेर करतो: पेटी विरघळवतो. आतला विषाणू उघडा पडतो, जवळ पेशी नसते, आणि ब्लीचिंग त्याला गाठतं.

हे मी सांगत असताना मेहुणा रॅकमागच्या भिंतीकडे बघत होता. “दाजी, तिकडं फवारा कधी पोचलाच नाही,” तो म्हणाला.