मुरुमची वाट आणि आकाशातील अंतर

१९४८ सालच्या ८ जूनच्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, त्या समयी उमरग्याजवळचे आमचे मुरुम गाव निजामाच्या अमलाखाली होते, रझाकारांच्या दहशतीने वाटा ओस पडल्या होत्या आणि येथल्या माणसाला सोलापूर गाठावयाचे तर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. कैरो व जिनिव्हा येथे थांबून ते विमान १० जूनला लंडनला उतरले. मुंबई–लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरांचे अंतर आज विनाथांबा नऊ-दहा तासांत सरते. १९६० च्या मे महिन्यात बोइंग ७०७ ने ही सेवा न्यूयॉर्कपर्यंत नेली खरी. परंतु मुंबईहून थेट न्यूयॉर्क, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर, एका दमात गाठण्यासाठी एअर इंडियाला २००७ च्या ऑगस्टपर्यंत थांबावे लागले.

अंतर ठरले म्हणजे वेळ ठरला, हा आपला समज मात्र आकाशात टिकत नाही. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान २०१६ मध्ये अटलांटिकचा मार्ग सोडून पॅसिफिकवरून जाऊ लागले, तेव्हा वाट हजाराहून अधिक किलोमीटरांनी लांबली आणि प्रवास उलट आटोपशीर झाला. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे प्रचंड वारे आता पाठीशी होते. याउलट २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीच्या विमानांना वळसा पडला. करोडगिरी जमिनीवरून गेली, नाके वर जाऊन बसले, एवढेच!

मुरुमच्या प्रवाशाचा हिशेब तर विमानतळापूर्वीच सुरू होतो. अमेरिकेतील मुलाकडे निघालेल्या आईची बॅग आदल्या दिवशी ओळखीच्या अडत्याच्या काट्यावर चढते, तेवीस किलोंपलीकडे काटा गेला की शेंगाचटणीचा एक पुडा निघतो, आणि तो कोणता काढावा यावर घरात बराच खल होतो. बेगमपेठच्या जुन्या विमानतळाच्या काळी तेथे पोहोचण्यास हैदराबाद शहराची सारी गर्दी तुडवावी लागे. २३ मार्च २००८ ला शमशाबादचा विमानतळ सुरू झाला, पुढे बाह्यवळण रस्ता पुरा झाला, आणि पाटणचेरूपाशी वळले की शहरात शिरण्याचे कारण उरले नाही. तासाभराची ही बचत आमच्या लेखी पॅसिफिकच्या वाऱ्याहून उणी नव्हे.

जानेवारी २०२१ मध्ये हैदराबादहून थेट शिकागोचे विमानही सुटले, तेरा हजारांहून अधिक किलोमीटर. पण ते फार काळ चालले नाही, आणि प्रवासी पुन्हा दुबई-दोह्याच्या बाकांवर ताटकळू लागले. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, कलबुर्गीला विमानतळ झाला होता. आळंदवरून गेले तर तो हैदराबादहून पुष्कळ जवळ. परंतु तेथून परदेशी विमान नाही, म्हणून सातासमुद्रापार जाणाऱ्याची मोटार आळंदकडे न वळता उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद अशीच जाते.