जुन्या पॉवर टिलरचे वय कसे ओळखावे?

कोकण रेल्वेचा मार्ग रोह्याकडून बांधत आणला जात असता १९९३ साली पहिल्या टप्प्यात महाड तालुक्यातील वीरपर्यंत पोहोचला. या गाडीतून किंवा महामार्गावरून पावसाळ्यात जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसतात. खाचरे लहान, बांध उंच, चिखल खोल. येथे मोठा ट्रॅक्टर वळवायला जागा नसते. बैलजोडी वर्षभर पोसणे अनेकांना परवडेनासे झाले, तेव्हा तिची जागा पॉवर टिलरने घेतली. बंगळूरची व्ही.एस.टी. आणि केरळमधील कामको या कंपन्यांनी जपानी तंत्रज्ञान घेऊन हे दोन चाकांचे, मागून चालत हाकायचे यंत्र भारतात रुजवले.

नवा टिलर घेणे ज्यांना जमत नाही ते जुना शोधतात. मग प्रश्न येतो, हा अजून किती वर्षे चालेल? विकणारा म्हणतो, ‘तीनच वर्षे झालीत.’ दुसरा म्हणतो, ‘दहा वर्षांचा आहे, पण फारसा वापरलेला नाही.’ कोणाचा घ्यावा? या प्रश्नात शाळेतले गणित, भौतिकी आणि रसायन तिन्ही विषय येतात.

यंत्राची दोन वये

परदेशात हिरवळ कापण्याचे, वर बसून चालवायचे यंत्र जुने घेणारा गिऱ्हाईक प्रथम तास मोजणारे मीटर पाहतो. इंजिनाचे वय तो वर्षांत मोजत नाही, तासांत मोजतो. आपल्याकडील अनेक जुन्या टिलरवर असे मीटर नसते. मग तास कसे काढायचे?

समजा, टिलरच्या फिरत्या पात्यांची रुंदी ६० सेंटिमीटर आहे आणि तो चिखलात ताशी २ किलोमीटर वेगाने चालतो. एका तासात तो ०.६ × २००० = १२०० चौरस मीटर जमीन घोळेल. वळणे घेण्यात पाचवा हिस्सा वेळ गेला असे धरले, तर ९६० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेनऊ गुंठे उरतात. सोयीसाठी १० गुंठे धरू. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून एका घोळाईला ४ तास. चिखलणी दोनदा केली तर एकरी ८ तास.

आता तुलना करा. पाच एकरांच्या घरच्या शेतीत टिलर वर्षाला ४० तास चालेल. दहा वर्षांत ४०० तास. दुसऱ्याने तोच टिलर भाड्याने फिरवून दरवर्षी ३० एकर चिखलणी केली, तर वर्षाला २४० आणि तीन वर्षांत ७२० तास होतात. म्हणजे तीन वर्षांचा टिलर दहा वर्षांच्या टिलरपेक्षा अधिक झिजलेला असू शकतो! म्हणून ‘किती वर्षे झाली?’ याबरोबर ‘दरवर्षी किती एकर केलेत, आणि कोणाकोणाचे?’ हेही विचारावे.

पण म्हणून दहा वर्षांचा टिलर डोळे मिटून घेऊ नये. चिखलणीचे दिवस थोडे. वर्षातला बाकीचा सारा काळ यंत्र पडवीत उभे असते. ते न धुता ठेवले, तर चिखल ओल धरून राहतो. लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. त्यासाठी इंजिन सुरू असावे लागत नाही. जुन्या वंगणात ज्वलनातून आलेली आम्ले आणि पाणी असते, तेही आतील भाग हळूहळू खाते. म्हणजे टिलरला दोन वये आहेत. एक कामाच्या तासांचे, जे झिजेत दिसते. दुसरे पावसाळ्यांचे, जे गंजात दिसते. दोन्ही वेगवेगळी तपासावी लागतात.

झीज कशी ओळखावी?

टिलरचे इंजिन बहुधा एका सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. त्यात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे अठराव्या ते विसाव्या भागात दाबतो, तेव्हा ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दट्ट्याभोवतीच्या कड्या, म्हणजे रिंगा, झिजल्या की दाबलेली हवा बाजूने निसटते, पुरेशी तापत नाही आणि इंजिन सुरू व्हायला कुरकुरते.

पहिली कसोटी यातूनच मिळते. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. गरम इंजिनात सिलिंडरच्या भिंती आधीच तापलेल्या असल्याने झिजलेले यंत्रही सहज सुरू होते. म्हणून पोहोचल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहावे. ते कोमट लागले तर ते निवेपर्यंत थांबावे.

दुसरी कसोटी हाताची. डिझेल बंद ठेवून हँडल सावकाश फिरवावे. दाब सोडण्याची कळ मोकळी असताना एका जागी हँडल जोराने अडले पाहिजे आणि किंचित मागे उसळले पाहिजे. ते लोण्यातून फिरावे तसे फिरले, तर रिंगा किंवा झडपा गळत आहेत. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलट झटका बसला तर मनगट वाचते.

तिसरी कसोटी धुराची. भार पडताच थोडा काळा धूर येणे स्वाभाविक आहे. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेलची फवारणी बिघडलेली. हा दोष बहुधा दुरुस्त होतो. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे. येथे खर्च मोठा. सुरुवातीचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असू शकतो, पण इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही तर पाणी आत शिरते आहे का ते पाहावे.

इंजिन चालू असताना वंगण भरण्याच्या तोंडाचे झाकण जपून उघडावे. तेथून धुराचे झोत येत असतील, तर ज्वलनाचे वायू रिंगा ओलांडून खाली उतरत आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. झीज एकसारख्या गतीने होत नाही. भागांमधील फट वाढली की वंगणाचा पापुद्रा टिकत नाही, धातूवर धातू घासतो आणि झीज अधिक वेगाने होते. म्हणून ‘निम्मे झिजले, म्हणजे निम्मे आयुष्य उरले’ हा हिशेब चुकीचा ठरतो. उरलेले आयुष्य निम्म्याहून कमी असते.

पावसाळ्यांच्या खुणा

गिअरपेटीचे वंगण थोडे काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. चाकांच्या आणि पात्यांच्या दांड्याजवळील रबरी सील फाटले की चिखलाचे पाणी तेथून आत जाते आणि दंतचक्रे व बेअरिंगे खराब होतात. इंजिन बंद करून पात्यांचा दांडा हाताने वरखाली हलवावा. तो खडखडला तर बेअरिंग गेले आहे. पाती झिजलेली असणे हा दोष नव्हे, ती बदलता येतात. दांडा आणि पेटी बदलणे महाग असते.

या भागात आणखी एक तपासणी हवीच. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड शहर आणि परिसर बुडाला. पुरात बुडालेले यंत्र धुऊन, रंगवून विकता येते. पण बारीक गाळ सहज निघत नाही. दिव्याच्या काचेच्या आत, हत्यारांच्या डब्याच्या कोपऱ्यात, पट्ट्याच्या आच्छादनाच्या मागे गाळाची रेघ दिसते का ते पाहावे. जुन्या यंत्रावर ताजा रंग दिसला की ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

किंमत ठरवताना

उरलेल्या तासांचा अंदाज आला की भागाकार करावा. समजा, पहिला टिलर ६०,००० रुपयांना आहे, दुरुस्तीला २५,००० लागतील आणि तो ७०० तास चालेल. तर ताशी सुमारे १२१ रुपये पडले. दुसरा ९०,००० ला आहे, दुरुस्तीला ५,००० आणि १,५०० तासांची आशा आहे. तर ताशी सुमारे ६३ रुपये. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. स्वस्त यंत्र महाग कसे पडते ते त्यातून कळते. नव्या टिलरवर सरकारी अनुदान मिळत असेल, तर अनुदान वजा करून उरलेली किंमतही याच भागाकारात घालून पाहावी.

खरेदीची वेळही महत्त्वाची. मृगाच्या तोंडावर सर्वांनाच घाई असते. भाव चढतो आणि तपासायला उसंत मिळत नाही. भात झोडून झाल्यावर, थंडीच्या दिवसांत सकाळी जावे. थंड इंजिनाची खरी परीक्षा तेव्हाच होते.

वर्गासाठी

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या जोराने आठ-दहा वेळा दाबावा आणि पंपाचे टोक चाचपावे. हवा दाबल्याने तापते हे कळेल. मग वायसर सैल असलेला पंप घेऊन तोच प्रयोग करावा आणि फरक नोंदवावा.

दुसरा प्रयोग एका हंगामाचा आहे. गावातील एखाद्या टिलरमालकाच्या संमतीने नवी पाती बसवण्यापूर्वी त्यांना खुणा करून प्रत्येकाचे वजन घ्यावे. लावणी संपल्यावर पाती मालकाकडून काढून घेऊन, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. किती एकर काम झाले ते त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि एकरी किती ग्रॅम लोखंड झिजले ते काढावे. कातळाजवळची जमीन आणि नदीकाठची जमीन यांत फरक पडतो का, हेही तपासता येईल. असा तक्ता दोन-तीन वर्षे शाळेत ठेवला, तर पुढे टिलर घेणाऱ्या पालकाला त्याचा उपयोग होईल.