स्थळ एक, कप्पे अनेक

ग्रंथालयातले पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकते. मग लोणार सरोवरावरचे पुस्तक कोठे ठेवायचे? उल्कापाताने बनलेले विवर म्हणून भूशास्त्रात, तेथील पाखरांसाठी पक्षिशास्त्रात, की महाराष्ट्राच्या भूगोलात? ग्रंथपाल पुस्तक एका जागी ठेवतो. पण तालिकेत त्याची कार्डे तिन्ही विषयांखाली लावतो. पुस्तक एक, वाटा तीन!

इंटरनेटवरही हाच प्रश्न उभा राहिला. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांची विषयवार यादी सुरू केली. तिचेच पुढे 'याहू' झाले. १९९८ साली 'डीमॉझ' ही निर्देशिका निघाली. तिच्यात प्रत्येक स्थळ पाहून, त्याचे वर्णन लिहून, ते योग्य वर्गात नोंदवण्याचे काम स्वयंसेवक संपादक करीत. २०१७ साली ती बंद झाली तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक स्थळे आणि दहा लाखांहून अधिक वर्ग होते.

येथे तर फळीची अडचण नव्हती. मग एकच स्थळ हवे तितक्या वर्गांत का नोंदवू नये? थोडा हिशेब करू या. ३८ लाख स्थळे प्रत्येकी चार वर्गांत घातली, तर नोंदी होतील १ कोटी ५२ लाख. एखाद्या स्थळाचा पत्ता बदलला, की चार ठिकाणी दुरुस्ती! शिवाय प्रत्येक दुकानदाराला आपले नाव सगळ्याच वर्गांत हवे असते. तसे होऊ दिले, तर पक्ष्यांच्या वर्गात पक्षी कमी आणि जाहिराती जास्त दिसतील. सगळ्याच कप्प्यांत सगळेच भरले, तर कप्पे करण्याचा उपयोग काय?

म्हणून डीमॉझचा साधारण नियम असा होता, की स्थळ त्याला सर्वांत योग्य अशा एकाच वर्गात नोंदवावे. मात्र त्याचा एखाद्या गावाशी किंवा प्रदेशाशी खरा संबंध असेल, तर विषयाच्या वर्गाबरोबर त्या प्रदेशाच्या वर्गातही दुसरी नोंद होऊ शके. माहिती अनेक भाषांत असेल, तर त्या त्या भाषेच्या विभागातही जागा मिळे.

मग उरलेल्या वाटांचे काय? त्यासाठी एक सोपी युक्ती होती. एका वर्गाच्या यादीत दुसऱ्या वर्गाचे नाव '@' हे चिन्ह जोडून लिहीत. त्यावर टिचकी मारली, की वाचक थेट त्या दुसऱ्या वर्गात पोचे. स्थळांची नोंद पुन्हा न करता वाट मात्र वाढे. रस्त्यावरच्या दिशादर्शक पाटीसारखेच हे. पाटी लावायला गाव हलवावे लागत नाही.

आज आपण शोधयंत्रात शब्द टाकून माहिती मिळवतो. पण वर्गीकरणाचा प्रश्न संपलेला नाही. चुकीच्या कप्प्यात गेलेली वस्तू हरवल्यासारखीच असते.

करून पाहा : शाळेच्या ग्रंथालयातली दहा पुस्तके घ्या. प्रत्येकासाठी एकच मुख्य विषय निवडा आणि 'हेही पाहा' म्हणून आणखी एक सुचवा. तुमच्या मित्राने केलेली यादी तुमच्या यादीशी कोठे जुळत नाही, ते पाहा. खरी गंमत तेथेच आहे!