जकात : चाळिसावा वाटा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘जकात’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नाका उभा राहतो. मालट्रकांची रांग, पावतीपुस्तक, रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतली ही जकात बंद झाली. पण शब्द मूळचा अरबी. फारसीतून मराठीत येता येता त्याला मालावरच्या कराचा अर्थ चिकटला. अरबीत त्याच्या धातूचे अर्थ शुद्ध होणे आणि वाढणे असे आहेत. संपत्तीतला ठरलेला वाटा गरजूंना दिला की उरलेली संपत्ती शुद्ध होते, ही त्यामागची कल्पना. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी जकात हा एक.

आपण खुशीने देतो तो ‘सदका’. तो किती द्यावा, कधी द्यावा, हे देणाऱ्याच्या मनावर. जकातीचे तसे नाही. श्रीमंताच्या मालात वंचिताचा हक्क आहे, असे कुराण सांगते. म्हणजे आपल्याकडे असलेली दुसऱ्याची रक्कम आपण परत करतो, उपकार करत नाही. इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी जकात देण्याचे नाकारले, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याशी युद्ध पुकारले. इतकी ही गोष्ट महत्त्वाची मानली गेली.

मग ती कोणावर लागू होते? गरजा भागून ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती आहे आणि तिला एक चांद्र वर्ष झाले आहे, त्याच्यावर. या मर्यादेला ‘निसाब’ म्हणतात. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात. इथे एक चूक हमखास होते. हा तोळा जुना, सुमारे ११.६६ ग्रॅमचा आहे. आजच्या सराफाचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणून ग्रॅममध्ये लक्षात ठेवावे : सोने ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम.

पैगंबरांच्या काळी वीस दिनार सोने आणि दोनशे दिरहम चांदी यांचे मोल साधारण सारखे होते. आज सोन्याचा निसाब चांदीच्या निसाबाच्या कितीतरी पट भरतो. फक्त सोनेच असेल तर सोन्याचा निसाब. पण रोख, माल, दागिने असे मिश्र असेल तर बहुतेक हनफी उलेमा चांदीचा धरतात, कारण त्यात गरिबाचा फायदा आहे.

आता हिशेब. एक कापड दुकानदार घ्या. वर्ष भरले त्या दिवशी दुकानातल्या मालाची बाजारभावाने किंमत ४ लाख रुपये, रोख व बँकेत ९० हजार, वसूल होणारी उधारी ६० हजार. बेरीज साडेपाच लाख. घाऊक व्यापाऱ्याचे देणे दीड लाख, ते वजा. राहिले ४ लाख. त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच प्रमाणे, १० हजार रुपये जकात. राहते घर, स्कूटर, दुकानातली कपाटे, शिलाई मशीन यांवर काही नाही. मध्यंतरी शिल्लक कमीजास्त झाली तरी हनफी पद्धतीत वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस पाहतात. मात्र वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. दिवाळी ते दिवाळी किंवा मार्चअखेर हिशेब करणाऱ्याने हे विसरू नये.

घरातल्या दागिन्यांवरून वाद होतात. हनफी मतानुसार अंगावरच्या सोन्यावरही जकात आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई. त्या मतात वापरातल्या दागिन्यांना सर्वसाधारणपणे सूट आहे. त्यामुळे एकाच राज्यातल्या दोन घरांत उत्तर वेगळे येते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. आणखी एक. बायकोचे दागिने बायकोच्या मालकीचे, म्हणून त्यांची जकातही तिच्यावर. हाती रोख नसेल तर तिच्या संमतीने नवऱ्याने भरली तरी चालते.

शेतीचा नियम निराळा आहे. त्याला ‘उश्र’ म्हणतात. पावसावरच्या पिकाचा दहावा भाग, स्वतः पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. कष्ट जास्त, तिथे वाटा कमी.

जकात कोणाला द्यावी, याचे आठ गट कुराणाने घालून दिले आहेत. त्यांत गरीब आणि निराधार आहेत, कर्जात बुडालेला आहे, वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. आईवडील, मुले, नवरा-बायको यांना ती देता येत नाही. त्यांना सांभाळणे हे कर्तव्यच आहे. गरजू भाऊ, बहीण, आत्या, मावशी यांना देता येते. किंबहुना पहिला विचार त्यांचा करावा. हनफी मतानुसार रक्कम माणसाच्या हाती, मालकीने पडली पाहिजे. म्हणून मशिदीच्या बांधकामाला ती चालत नाही.

देताना ‘ही जकात आहे’ असे सांगण्याची गरज नाही. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. गल्लीतली विधवा बाई कोणापुढे हात पसरत नाही. मुलाच्या फीसाठी म्हणून किंवा ईदची भेट म्हणून पाकीट दिले, तर तिची मानही खाली जात नाही.

पाकिस्तानात १९८० च्या अध्यादेशाने बँकेतल्या खात्यांतून जकात कापून घेण्याची व्यवस्था आली. भारतात तशी वसुली नाही. म्हणूनच रमजानमध्ये अंदाजाने चार नोटा वाटून मोकळे होण्याचा मोह होतो. पण हिशेबापेक्षा कमी गेले, तर उरलेली रक्कम देणे म्हणून डोक्यावर राहतेच. या जकातीला नाका नाही, पावती फाडणारा कारकून नाही. वही आपली आणि तपासणारे मनही आपलेच. तेव्हा यंदा रमजानच्या आधी एक संध्याकाळ काढावी, कागद-पेन्सिल घ्यावी आणि नीट बेरीज-वजाबाकी करावी.