धंदा काढायचे मनात कसे येते?

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधावी की स्वतःचा धंदा काढावा, हे ठरताना तीन गोष्टी काम करतात. मानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी १९९१ च्या लेखात त्या सविस्तर मांडल्या: ते काम स्वतःला कसे वाटते, जवळची माणसे त्याकडे कसे पाहतात आणि ते आपल्याला जमेल असा भरवसा किती आहे. शिक्षणाचा खरा कस तिसऱ्या गोष्टीत लागतो. हा भरवसा एकाच विषयाच्या वर्गात सहसा येत नाही, कारण कोणताही धंदा एका विषयाचा नसतो.

सांगलीच्या हळदीचेच पाहावे. ओली हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग सौद्याला न्यायची. वाफेवर ती एकसारखी शिजेल असे यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आखू शकतो. त्या यंत्राचे कर्ज किती क्विंटलांवर फिटेल, हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मांडतो. हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य किती टिकले, हे रसायनशास्त्राची विद्यार्थिनी तपासते. तिघे एकत्र बसले की प्रत्येकाला आपली उणीव कळते. तरी धीर खचत नाही, कारण ती भरून काढणारा शेजारीच असतो.

वेगवेगळी कौशल्ये अशी एकत्र आणणे या मुलखाला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली, पण यंत्रांची रेखाटने ते शिकले. पुढे त्यांनी शिक्षकी केली, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना काढला; तीच किर्लोस्करवाडी. तिथे घडणाऱ्या लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे नांगर घडवण्याइतकेच तो शेतकऱ्याला पटवणेही अवघड होते. हे नांगर विकण्याचे काम केलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ‘कमवा आणि शिका’ची वाट घालून दिली.

शेतकऱ्याला पटवण्याहूनही घरच्यांची नजर बदलणे कठीण. म्हसवडला १९९७ मध्ये महिलांची माणदेशी बँक उभी राहिली आणि पुढे ग्रामीण बायकांसाठी उद्योगशाळाही निघाली. जिची आई व्याजाचा हिशेब करते, त्या मुलीला धंदा परका वाटत नाही.

मात्र शिकल्याने धंदा काढायचा इरादा नेहमी वाढतोच असे नाही. नेदरलँड्समधील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उद्योजकतेचा अभ्यासक्रम केल्यावर विद्यार्थ्यांचा इरादा उलट घटलेला दिसला. त्याला अपयश म्हणणे घाईचे ठरेल. भांडवल, उधारी आणि जोखीम कळल्यावर काहींनी मागे फिरणे स्वाभाविक आहे, आणि ते कर्ज काढण्याआधी घडले तर त्यात विद्यार्थ्याचे हितच आहे.