पिल्लांची रक्ती हगवण : दृष्ट नव्हे, ओल

मालवण तालुक्यातल्या मसुरे गावात पाऊस लागला की खुराड्याची जमीन सुकत नाही. अशा दिवसांत ३ ते ६ आठवड्यांची पिल्ले पंख पाडून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त दिसते. मग दृष्ट काढली जाते, नवस बोलला जातो. पण भगिनींनो, कारणाशिवाय कार्य नाही, हीच तथागतांची शिकवण आम्ही मानतो.

हा रोग आयमेरिया नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परजीवीचा. विष्ठेतून पडलेली त्याची बीजे ओल आणि ऊब मिळताच एक-दोन दिवसांत तयार होतात व दाण्यापाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. हे जंत नव्हेत. जंताचे औषध येथे चालत नाही. रक्त दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. डॉक्टर अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगतात. ते सांगितलेल्या प्रमाणातच द्यावे. दुसरे पाणी ठेवू नये. त्या दिवसांत बी-१ जीवनसत्त्व देऊ नये, औषधाचा गुण कमी होतो.

नुसत्या फिनेलने ही बीजे सहसा मरत नाहीत. भाताचे कोरडे तूस अंथरावे, भिजलेले लगेच काढावे, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे.

अंडी-कोंबडीचे चार पैसे बाईच्या हातचे असतात, मुलांच्या वह्यापुस्तकांना कामी येतात. ते गंड्यादोऱ्यात घालवू नका, एवढेच आमचे सांगणे.