भेदरलेलं कुत्रं आणि बिथरलेलं पोर

मागच्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्यांचा हिशोब झाल्यावर एक ताई हळूच म्हणाल्या, "पोरगा १५ वर्षांचा झाला. शाळा सोडली. बोललं की अंगावर येतो, मारलं की दोन दिवस घरी फिरकत नाही. करू तरी काय?" बैठकीत कुणालाच चटकन काही सुचलं नाही. म्हणून आज दूरदेशीची एक गोष्ट सांगतो. ती ऐकून कदाचित एखादी वाट सापडेल.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात वुडबर्न गावी मॅक्लारेन नावाचं सुधारगृह आहे. गुन्हा हातून घडलेली मुलं तिथं ठेवतात. तिथल्या शाळेत काम करणाऱ्या जोन डाल्टन बाईंनी १९९३ साली 'प्रोजेक्ट पूच' सुरू केला. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून कुत्री आणायची आणि ती या मुलांच्या ताब्यात द्यायची. खाणं, आंघोळ, जागेची साफसफाई, शिकवण सगळं मुलानं करायचं. कुत्रं माणसाळलं की ते एखाद्या चांगल्या घरी द्यायचं. मिशिगन राज्यातही २००५ पासून 'टीचर्स पेट' हा असाच उपक्रम चालतो.

यात दोघांचाही जीव अडकलेला असतो. निवाऱ्यात जागा कमी असते. ज्या कुत्र्याला कुणी घरी नेत नाही, त्याला कित्येकदा सुई देऊन मारतात. आणि मुलाच्या कपाळावर तर 'वाया गेलेला' असा शिक्का बसलेलाच असतो.

मग मुलात बदल होतो कसा? आपण खोंडाला जुवाची सवय लावतो, ते आठवा. चाबूक ओढला तर ते बुजतं. चुचकारत, थोडं थोडं पुढं नेलं तर चालतं. कुत्र्याचंही तसंच. ते बसलं की लगेच, त्याच क्षणी खाऊ द्यायचा. उशीर झाला तर खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. चुकलं तर मारायचं नाही, सोपं करून पुन्हा सांगायचं. ओरडणाऱ्या मुलाजवळ कुत्रं येतच नाही. त्यामुळे मुलाला आधी स्वतःचा आवाज खाली आणावा लागतो.

दुसरं म्हणजे, मुलगा कुत्र्याचं अंग वाचायला शिकतो. शेपूट पायात, कान मागे, नजर चुकवणं म्हणजे भीती. गुरगुरणं म्हणजे "लांब राहा" ही विनंती. गुरगुरल्याबद्दल मारलं, तर पुढच्या वेळी ते न गुरगुरता चावतं. हे कळलं की स्वतःचा राग कुठून येतो, हेही मुलाला उमगू लागतं.

सगळ्यात अवघड दिवस निरोपाचा. जीव लावलेलं कुत्रं दुसऱ्याच्या हाती द्यायचं. पण "हे माझ्या हातून घडलं" हा अभिमानही तेव्हाच मिळतो.

अशा कामात स्वयंसेवक लागतात. कुत्री ने-आण करणारे, शिकवणारे, मुलांजवळ बसणारे. त्यांनी ठरल्या वेळी यायचंच असतं. अनेकांनी शब्द मोडलेल्या मुलाला आणखी एकानं मोडलेला शब्द सोसत नाही.

आता सावधगिरी. मुलाच्या हाती गल्लीतलं मोकाट कुत्रं देऊ नका. उपक्रमातली कुत्री तपासलेली असतात आणि जाणकार माणूस शेजारी असतो. कुत्रं चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या आणि सगळे डोस पूर्ण करा. जो मुलगा मुक्या जिवाला मुद्दाम इजा करतो, त्याच्याकडे जनावर सोपवू नका. त्याला आधी समुपदेशकाची गरज आहे. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो.

आपल्याकडे शेळीचं करडू आहे, वासरू आहे, कोंबड्या आहेत. त्यातलं एक पूर्णपणे मुलावर सोपवा. चुकलं तर लगेच काढून घेऊ नका, आणि जमलं तर चारचौघांत सांगा. एवढ्यानं सगळं सुटेल असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याला सगळे "तुझ्याच्यानं काही होणार नाही" म्हणतात, त्याची रोज सकाळी कुणीतरी वाट बघतंय, हे त्याला कळू द्या.

पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला. नमस्कार.